हिप्परग्याच्या पाणथळातली ती पिवळी जास्वंद कोणती?

तुमचे चारही फोटो मोठे करून पाहिले. प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी तुम्ही सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर पक्षी बघायला गेलात. पाणी ओसरून चिबड झालेल्या गवतात छातीएवढी झुडपं दिसली. फूल पिवळं, मधोमध गडद लालसर-जांभळा डोळा. मोबाइलमधल्या ॲपने नाव दिलं हिबिस्कस डायव्हर्सिफोलियस, आफ्रिकेतल्या दलदलींतली जास्वंद. तुमचे प्रश्न असे: हे खरं का, ही अंबाडी तर नव्हे, भाजी होते का, कुंडीत लावता येईल का, आणि शेजारच्या भेंडीवाल्या शेतकऱ्याने ती उपटून टाकावी का.

सोलापुरात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि त्यातले बहुतेक पावसाळे याच काठांवर काढले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ॲपने दिलेलं नाव बरोबर वाटत नाही. पण ते कुठून आलं असेल ते कळतं, आणि त्यातच या सगळ्या कुळाची गंमत आहे. पिवळ्या पाकळ्या आणि तळाशी गडद डोळा हा जास्वंद-कपाशीच्या कुळाचा जवळजवळ गणवेश आहे. अंबाडीचं फूल तसंच. भेंडीचं तसंच. देशी कपाशीच्या पिवळ्या पाकळीच्या तळाशीही जांभळा ठिपका असतो. कस्तुरी भेंडी, परस भेंडीचा वृक्ष, द्राक्षाच्या पानाची रानजास्वंद, सगळ्यांचं हेच. म्हणून या कुळात फुलाचा समोरून काढलेला फोटो म्हणजे माणसाचा फक्त सदरा बघून नाव सांगण्यासारखं आहे. ॲप मात्र तेवढ्यावरच उत्तर देतं, कारण लोक त्याला तेवढंच दाखवतात.

आता ती डायव्हर्सिफोलियस. नावाचा अर्थच वेगवेगळ्या पानांची. खालची पानं गोलसर, हृदयाकृती, वरची उथळ कंगोऱ्यांची. उष्ण प्रदेशातल्या आफ्रिकेपासून दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत, मादागास्करमध्ये, ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर ती मिळते. जागा तिची ठरलेली: ओलं गवत, दलदल, संथ पाण्याचे काठ. बहुवर्षायू आहे, म्हणजे वर्षानुवर्षं जगते, आणि तिला मुळाशी कायम ओल लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिच्या खोडाला काटे असतात. नुसती लव नव्हे, बोटाला टोचतील असे काटे.

तुमच्या तिसऱ्या फोटोत खोड जवळून दिसतं. त्यावर एकही काटा नाही. आहे ती दाट, मऊ, करड्या मखमलीसारखी लव, आणि तिच्यातून डोकावणारे थोडे लांब केस. तुम्ही लिहिलंय की झुडपांतून वाट काढल्यावर हात संध्याकाळपर्यंत खाजत होते. मलाही तोच अनुभव आहे. मी आता पूर्ण बाह्यांचा शर्ट घातल्याशिवाय या झुडपात शिरत नाही.

दुसरी गोष्ट हवेची. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही लहरीने. आपलं पाणथळ बारमाही दलदल नसतं. जुलैपासून जानेवारीपर्यंत जमीन पाय रुतेल इतकी ओली, आणि एप्रिलमध्ये त्याच जागी काळ्या मातीला मनगट जाईल एवढ्या भेगा. इथे टिकायचं तर दोन्ही सोसावं लागतं. बारमाही ओलीवर वाढलेल्या झाडाला हे जमणं कठीण.

हे दोन्ही सोसणारी एक जास्वंद आहे आणि तुमच्या फोटोत बहुधा तीच आहे. हिबिस्कस पांडुरिफॉर्मिस. डच वनस्पतिशास्त्रज्ञ धाकट्या बर्मनने 1768 मध्ये तिला हे नाव दिलं. पांडुरा म्हणजे सारंगीसारखं जुनं तंतुवाद्य, तेव्हा नावाचा अर्थ त्या वाद्याच्या आकाराची. प्रत्यक्षात असं कमरेशी आवळलेलं पान क्वचितच दिसतं. बहुतेक पानं रुंद, हृदयाकृती, कोपरे काढलेली, थोडीशी कोवळ्या भोपळ्याच्या पानासारखी आणि दोन्ही बाजूंनी लवदार. आफ्रिकेपासून भारतामार्गे उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत ती पसरलेली आहे. तिकडेही तिची आवडती जागा आपल्यासारखीच: नदीनाल्यांचे काठ, पावसाळ्यात पाणी धरणारे सखल गवताळ पट्टे, जड चिकणमाती. म्हणजे हिप्परग्याचा काठ तिला परका नाही. उलट अशा काठासाठीच ती घडली आहे.

इथे थोडं थांबून हा काठ नीट बघू. हिप्परग्याचा हा तलाव, ज्याला एकरुखचा तलावही म्हणतात, 1871 मध्ये पुरा झाला, दुष्काळी मुलखाला पाणी मिळावं म्हणून. तेव्हापासून पाण्याची कड दरवर्षी पुढेमागे सरकते. पाणी मागे गेलं की उघड्या पडलेल्या गाळावर कोणी गाळपेर करतं, उरलेल्या जागी लव्हाळा, पाणकणीस आणि जरा उंचावर कुंदा माजतो. ही जास्वंद नेमकी त्या मधल्या पट्ट्यात उभी राहते, लव्हाळा संपतो आणि कुंदा सुरू होतो तिथे. पाण्यात नाही, कोरड्यातही नाही. पुढच्या वेळी गेलात तर काठावरून पाण्याकडे सरळ चालत जा आणि झुडपं कुठे सुरू होतात, कुठे थांबतात ते पावलांनी मोजा. तो पट्टा फार रुंद नसतो. ट्रॅक्टरच्या दोन फेऱ्यांत किंवा मुरमाच्या चार ट्रॉल्यांत तो संपतो, आणि मला त्याचीच भीती वाटते. ‘पडीक चिबड’ म्हणून लोक त्याच्याकडे बघतात, उन्हाळ्यात काडी लावतात. या जिल्ह्यात माळरानाचं मोल माळढोकामुळे थोडंफार तरी लोकांना कळलं. चिबड गवताच्या बाजूने बोलणारं अजून कोणी नाही.

ओळख पक्की कशी करायची ते आता सांगतो, कारण मी फोटोवरून बोलतोय आणि फोटोवरून मी पूर्वी एकदा चुकलो आहे. नोकरीच्या सुरुवातीला सीना नदीच्या काठावरून एक फांदी आणली होती. फूल पिवळं, डोळा गडद, पान लवदार. वहीत दाबली, याच पांडुरिफॉर्मिसचं नाव लिहिलं आणि विषय संपवला. दाबलेल्या फुलाचा रंग महिन्याभरात मातकट होतो, डोळाही ओळखू येत नाही. दोन महिन्यांनी त्याच जागी परत गेलो तर झुडपावर बोंडं धरली होती आणि प्रत्येक बोंडाला पाच उभे पंख होते, कमरखासारखे. पंख असलेलं बोंड म्हणजे हिबिस्कस व्हिटिफोलियस, द्राक्षपानी रानजास्वंद. वहीतलं नाव खोडून पुन्हा लिहावं लागलं. तेव्हापासून बोंड हातात आल्याशिवाय मी या कुळात शेवटचं नाव लिहीत नाही.

तर सकाळी आठ-नऊच्या सुमारास जा. ही फुलं सकाळी उमलतात आणि दुपारनंतर पाकळ्या गुंडाळून मिटतात, दुसऱ्या दिवशी उघडत नाहीत. एक फूल देठासकट उलटं धरा. पाकळ्या विसरा, फुलाच्या पाठीकडे बघा. पाकळ्यांखाली हिरवी वाटी असते, ती निदलांची. तिच्याही खाली बारीक हिरव्या पट्ट्यांचं एक कडं असतं, ते उपनिदलांचं. या कुळाची ओळख इथे लिहिलेली असते.

वाटी जर एका बाजूने फाटून, फूल गळताना पाकळ्यांबरोबरच निसटून पडत असेल तर ती जास्वंद नाहीच, भेंडीच्या गोतातली आहे. घरच्या भेंडीवर हे रोज दिसतं: कोवळ्या भेंडीच्या देठाशी पाच पाकळ्यांची वाटी शिल्लक नसते. आपल्या काळ्या रानात जी पांढऱ्या फुलाची, कोमेजताना गुलाबी होणारी रानभेंडी उगवते तिचंही तसंच. जास्वंदीत वाटी पाच टोकांची राहते आणि बोंड पिकेपर्यंत त्याला धरून बसते.

वाटी टिकली, तर मग उपनिदलं मोजा आणि त्यांची टोकं दहापट भिंगाखाली बघा. पांडुरिफॉर्मिसमध्ये ती सातआठ असतात, वाटीपेक्षा आखूड, आणि टोकाशी चमच्यासारखी जराशी रुंदावलेली. हा चमचा दिसला की माझी निम्मी शंका जाते. अंबाडीत ती सरळ, टोकदार, राठ असतात. शिवाय अंबाडीच्या वाटीच्या प्रत्येक पाकळीवर, मधल्या शिरेवर, एक फुगीर ग्रंथी असते. तिच्यातून गोड रस पाझरतो. शेतातल्या अंबाडीवर सकाळी बघा, मुंग्या फुलाच्या आत जात नाहीत, बाहेरच त्या पाच ठिपक्यांवर तोंड लावून बसलेल्या असतात. एक मुंगी उठते, दुसरी तिची जागा घेते. पानाच्या मागे मधल्या शिरेच्या बुडाशीही तशीच एक ग्रंथी असते. ज्यांच्याकडे भिंग नाही त्यांना मी हेच सांगतो, मुंग्या कुठे बसल्यात ते बघा.

अंबाडीचा विषय निघालाच आहे तर त्यावर जास्त लिहितो, कारण तुमचा खरा गोंधळ तिथे आहे आणि सोलापुरात तो होणं साहजिक आहे. या शहरात एकाच भाजीला तीन भाषांत हाक मारतात. मराठी घरात अंबाडी. पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरात गोंगुरा. अक्कलकोटच्या बाजूच्या कन्नड घरात पुंडी पल्ल्या. आणि तिन्ही नावांखाली प्रत्यक्षात दोन वेगळ्या जाती येतात. एक हिबिस्कस कॅनाबिनस, जिला लिनियसने 1759 मध्ये भांगेसारख्या पानावरून नाव दिलं. दुसरी हिबिस्कस सब्दारिफा, जिची लाल मांसल बोंडं आपण चटणीला आणि सरबताला वापरतो. पहिलीत गुणसूत्रं 36, दुसरीत 72. म्हणून शेजारी लावल्या तरी त्या सहजी एकमेकींत मिसळत नाहीत. पालेभाजी म्हणून बाजारात जुडी घेताना मात्र कोणी हे बघत नाही, आणि बघायची गरजही नाही. ज्वारीच्या कण्या, लसणाची सढळ फोडणी आणि भाकरी असली की दोन्ही सारख्याच गोड लागतात.

कॅनाबिनसचं मूळ घर आफ्रिका. तिथे ती अजूनही रानात, गवताळ भागात आपोआप उगवते. आपल्याकडे ती फार जुनी पाहुणी, घरची झालेली. जुने शेतकरी ती ज्वारी-तुरीच्या पाटात किंवा बांधाच्या कडेने टाकत. पाला भाजीला, बी तेलाला आणि उंच झालेली काडी वाखाला. काडीच्या पेंढ्या ओढ्याच्या डोहात दगडाखाली दाबून दोन-तीन आठवडे कुजवायच्या, मग साल सोलून धुवायची. त्या पाण्याचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना तो आयुष्यभर आठवतो. त्या वाखाची दावी, कासरे, मोटेचे नाडे वळले जात. नायलॉन आलं आणि काडी कुजवायचं बंद झालं, पण बी ओढ्याकाठी सांडायचं ते सांडलेलंच आहे. म्हणून पाणथळ कडेला आपसूक उगवलेली अंबाडी खरोखर सापडते, आणि तुमची शंका अगदीच अनाठायी नाही.

पण तुमच्या झुडपाचं पान बघा. अंबाडीचं खालचं पान साधं असलं तरी वरची पानं हाताच्या बोटांसारखी खोल चिरलेली असतात, आणि खोडावर बारीक काटे असतात. तुमच्या फोटोत शेंड्यापर्यंत पानं अखंड, फक्त कोपरे काढलेली. आणि तुम्ही लिहिलंय की सोबतच्या मित्राने पान चावून पाहिलं, आंबट लागलं नाही. अंबाडी असती तर लगेच कळलं असतं.

यावर एक विनंती आहे. ओळख न पटलेलं पान चावून बघू नका. जास्वंदीच्या गोतात सहसा अपाय होत नाही हे खरं, पण तलावाच्या काठावर काय काय येऊन मिळतं ते आपल्याला माहीत आहे. शिवाय या पानावरची लव हाताला खाजवते, ती घशात जाऊन काय करेल याचा विचार करा. भाजी म्हणून ही जास्वंद सोडून द्या. आंबट भाजी हवी तर बाजारातली अंबाडी घ्या. तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल बऱ्यापैकी असतं, तेव्हा ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी तीही बेतानेच खावी.

कुंडीत लावायचं म्हणालात. झुडूप उपटून आणू नका. सोटमूळ खोल असतं, ते तुटतं आणि झाड दोन दिवसांत मान टाकतं. फांदीही तोडून आणू नका, बी आणा. सप्टेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत मला ही फुललेली दिसली आहे. बोंडं तपकिरी होऊन टोकाशी उकलू लागली की पाचसहा झुडपांवरून प्रत्येकी एखादं बोंड घ्या, जास्त नको. हातमोजे घाला, बोंडावरचे केस चामडीत रुततात. बी कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, बुरशी येते. पाकिटावर जागा आणि तारीख लिहा. रानजास्वंदीच्या बीचं कवच कडक असतं, पाणी आत शिरू देत नाही. म्हणूनच एका पावसात सगळं बी उगवत नाही, थोडं पुढच्या वर्षांसाठी मातीत राहतं. दुष्काळी मुलखात हा शहाणपणा आहे, पण कुंडीत आपल्याला तो नको. पॉलिश पेपरवर बी हलकेच घासा, कवचाचा रंग एका जागी फिका होईपर्यंत, आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. फुगलेलं बी जूनमध्ये पेरा. कुंडी मोठी घ्या, निदान पाण्याच्या बादलीएवढी, आणि त्यात शेतातली काळी माती घाला. नर्सरीतली कोकोपीटची भुसभुशीत माती तिला मानवत नाही. पावसाळाभर कुंडीखालच्या ताटलीत पाणी राहू द्या, दिवाळीनंतर हळूहळू तोडा. झाड एखाद-दोन वर्षं जगेल, मग पुन्हा बी.

नान्नजच्या बाजूला अशीच झुडपं दिसली तर एक लक्षात ठेवा. तिथल्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीशिवाय बीसुद्धा उचलायचं नाही.

आता तो भेंडीवाला शेतकरी. त्याची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. भेंडीवरचा पिवळा शिरा रोग, ज्याला तो केवडा म्हणत असेल, पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि ही माशी अनेक तणांवर राहते. ठिपक्यांची बोंडअळी भेंडी-कपाशी नसताना पेटारीसारख्या आणि जास्वंदीच्या गोतातल्या रानझाडांवर दिवस काढते. लाल ढेकूणही याच कुळाच्या बिया शोषतो. तेव्हा भेंडीच्या सरीत किंवा अगदी बांधावर झुडूप आलं तर त्याने ते काढावं. माझा त्याला विरोध नाही. पण तलावकाठची, शेतापासून दूरची झुडपं नाहीशी करून त्याची पांढरी माशी कमी होणार नाही. ती त्याच्याच मागच्या हंगामातल्या, न उपटलेल्या, शिरा पिवळ्या पडलेल्या भेंडीवर आरामात बसलेली असते. भेंडी संपली की ती झाडं आधी उपटा, हे त्याला माझ्या वतीने नक्की सांगा.

आणि त्याला परभणी क्रांतीची गोष्टही सांगा. भेंडीचा हा वाण त्याने किंवा त्याच्या वडिलांनी लावलेला असणार. पुसा सावनी ही भेंडीची जुनी जात केवड्याला बळी पडू लागली तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तिचा संकर भेंडीच्या एका रानटी भाऊबंदाशी केला, अबेलमोस्कस मॅनिहॉटशी, आणि तिथून रोगाला तोंड देण्याची ताकद भेंडीत आणली. ज्या गोताला आपण तण म्हणून उपटतो त्यातूनच शेतातलं पीक वाचलं. पांडुरिफॉर्मिसचा असा उपयोग होईल असं मी म्हणत नाही, ती भेंडीची इतकी जवळची नाही. पण वर्षातले काही महिने चिबडात आणि काही महिने भेगाळलेल्या मातीत तग धरणारं झाड आपल्या जिल्ह्यात मुकाट उभं आहे, हे मला मोलाचं वाटतं.

माझं आजचं उत्तर, हिबिस्कस पांडुरिफॉर्मिस, फोटोवरच्या खोडावर आणि पानांवर उभं आहे. बोंड मी पाहिलेलं नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा तिकडे जाल तेव्हा तीन फोटो काढा: फुलाची पाठ जवळून, उपनिदलांची टोकं स्पष्ट दिसतील अशी, पिकलेलं बोंड बाजूने, आणि तेच बोंड ब्लेडने आडवं कापून पांढऱ्या कागदावर. बोंडाला पाच पंख दिसले तर मी इथे येऊन नाव बदलीन.